व्यायामाची हजेरी पडद्यावर घ्या

सौदीत राहणाऱ्या मराठी माणसाचे गावाकडच्या आईवडिलांशी होणारे बोलणे साधारण ठरलेले असते. जेवलात का, औषधे घेतलीत का, पैसे पोचले का, पाऊस कसा आहे. यात एक प्रश्न बहुधा राहून जातो : आज हातपाय हलवलेत का? आणि विचारलाच तर उत्तरही ठरलेलेच असते. 'हो हो, रोज चालतो की!' हे चालणे म्हणजे पुष्कळदा पलंगापासून दूरदर्शन संचापर्यंतचे चालणे असते. इतक्या दूर बसून ते आपल्याला कळायचे कसे?

या लेखात मला एकच मुद्दा मांडायचा आहे. गणेशोत्सव, कोजागिरी, दिवाळी फराळ आणि हळदीकुंकू ही कामे आपण हौसेने करतो, ती करावीतच. पण त्यांच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस, इंटरनेटवरून चालणारा, हजेरी घेणारा, ज्येष्ठांचा सामूहिक व्यायामवर्ग आपण सौदीतल्या मराठी मंडळींनी सुरू करावा. 'व्यायाम करा' असा उपदेश सर्वांनीच ऐकलेला असतो. उणीव आहे ती 'तुम्ही काल आला नाहीत, बरे आहे ना?' असे विचारणाऱ्या माणसांची.

हा वर्ग कोणासाठी?

पहिला गट अर्थातच आपल्या आईवडिलांचा. पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर, रत्नागिरी, चिपळूण, जिथे असतील तिथले. मुले आखातात किंवा अमेरिकेत, घरात दोघेच, कधी एकटेच. ज्यांच्या घराजवळ बाग आहे, ज्येष्ठ नागरिक संघ आहे, त्यांचे बरे चालले असते. मुंबईत १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला आणि ती चळवळ पुढे जगभर गेली. त्यात हसण्याइतकाच, ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी माणसे भेटण्याचाही वाटा आहे असे मला वाटते. पण ज्यांचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही, ज्यांना पावसाळ्यात निसरड्या पाखाडीवरून उतरता येत नाही, त्यांना बागेतला संघ असून नसल्यासारखाच.

दुसरा गट भेटीच्या व्हिसावर इथे येणाऱ्या आईवडिलांचा. नातवंडांत ते रमतात हे खरे. पण मुलगा-सून कामावर आणि नातवंडे शाळेत गेली की रियाध किंवा दम्मामच्या सदनिकेत दिवसभर खिडकीचे पडदे ओढलेले आणि वातानुकूलन यंत्र सुरू. खाली उतरावे तर भाषा येत नाही, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२ ते ३ उघड्यावर कामगारांकडून काम करून घेण्यास सौदी सरकारची मनाई असते, यावरूनच उन्हाची कल्पना यावी. गावाकडे रोज बाजारापर्यंत पायी जाणारे आजोबा इथे तीन महिन्यांत कमरेने आखडतात आणि परत जाताना विमानतळावर चाकांची खुर्ची मागतात, हे आपण पाहत असतो.

तिसरा गट म्हणजे आपण स्वतः. पन्नाशी ओलांडलेले, घर ते मोटार, मोटार ते कचेरी, कचेरी ते मॉल असे जगणारे. सूर्याच्या या देशात राहूनही 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता कित्येकांच्या रक्ततपासणीत निघते, कारण ऊन आपण काचेतूनच पाहतो. त्यातही कुटुंब गावी पाठवून एकटे राहणाऱ्यांचे हाल अधिक. जुलै २०१७ पासून कुटुंबातील प्रत्येक अवलंबित व्यक्तीमागे महिना १०० रियाल शुल्क सुरू झाले आणि दरवर्षी वाढत २०२० मध्ये ते ४०० रियालांवर गेले. पत्नी आणि दोन मुले म्हणजे वर्षाला १४,४०० रियाल. हा भार न पेलल्याने अनेकांनी बायकामुलांना परत पाठवले. पंचावन्न वर्षांचा माणूस, खोलीत एकटा, जेवण हॉटेलचे, संध्याकाळ मोबाइलवर. त्याच्या गुडघ्यांची विचारपूस करणार कोण?

सौदीत काळ बदलला आहे

जुन्या मंडळींना आठवत असेल, एक काळ असा होता की इथे योगासनांचा वर्ग घ्यायचा तर मनात धाकधूक असे. स्त्रियांनी व्यायामशाळेत जाणे तर दूरची गोष्ट. आज चित्र निराळे आहे. स्त्रियांच्या व्यायामशाळांना २०१७ साली परवाने मिळू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात योगाला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी झटणाऱ्या सौदी योगशिक्षिका नौफ मरवाई यांना भारत सरकारने २०१८ साली पद्मश्री देऊन गौरवले. 'व्हिजन २०३०' हा आराखडा २०१६ मध्ये जाहीर झाला, तेव्हा आठवड्यातून एकदा तरी व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट त्यात होते. रियाधमध्ये १३५ किलोमीटरहून लांब असा चालण्या-सायकलीचा 'स्पोर्ट्स बुलेव्हार्ड' आखला गेला आणि २०२५ च्या सुरुवातीला त्याचे पहिले टप्पे खुलेही झाले. जेद्दाह आणि खोबरच्या कॉर्निशवर संध्याकाळी पाहिले तर सौदी आजीआजोबाही चालताना दिसतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने आणखी एक बदल फार महत्त्वाचा. इंटरनेटवरून बोलण्याच्या अनेक सोयी इथे वर्षानुवर्षे बंद होत्या. नियमांत बसणाऱ्या अशा सेवांवरची बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठली. त्यानंतर अडीच वर्षांतच महामारी आली. १५ मार्च २०२० पासून सौदीची आंतरराष्ट्रीय विमाने थांबली, २५ मार्चला भारतात टाळेबंदी लागली आणि आईवडील तिकडे, आपण इकडे असे अडकून पडलो. त्या दिवसांत सत्तर-पंचाहत्तरीच्या माणसांनी नाइलाजाने का होईना, झूम आणि गूगल मीट शिकून घेतले. भजने, भिशी, नातवाची मुंज, सारे पडद्यावर पाहिले. महामारी ओसरली आणि ते शिकलेले आपण अडगळीत टाकून दिले. माझ्या मते हा फुकट घालवलेला धडा आहे.

शास्त्र काय सांगते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, स्नायू बळकट करणारे व्यायाम किमान दोन दिवस करावेत आणि तोल व ताकद दोन्ही सांभाळणारे व्यायाम किमान तीन दिवस करावेत. आपल्याकडे 'मी चालतो' म्हटले की विषय संपतो. चालणे उत्तमच, पण नुसत्या चालण्याने मांड्यांची ताकद आणि शरीराचा तोल पुरेसा सुधारत नाही. आणि म्हातारपणी घात होतो तो याच दोन गोष्टींनी. न्हाणीघरात पाय घसरतो, सावरता येत नाही आणि खुब्याचे हाड मोडते. जगात दरवर्षी पडण्यामुळे सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

यावर उपाय आहे आणि तो सिद्ध झालेला आहे. आपापल्या घरी राहणाऱ्या साठीपुढच्या लोकांवरील १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेवीस हजारांहून अधिक माणसे त्या चाचण्यांत होती. निष्कर्ष असा, की व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात तयार झालेला व्यायामक्रम याच कामासाठी नावाजला गेला. त्यात अवघड काहीच नाही. खुर्चीतून उठणे-बसणे, टाचा उचलणे, आधाराने एका पायावर उभे राहणे, टाचेपुढे टाच ठेवून चालणे, घोट्याला हलके वजन बांधून पाय उचलणे, आणि जोडीला चालणे.

आता हाच व्यायाम पडद्यावर, गटाने केला तर? ओटागोचाच क्रम घेऊन केलेला एक छोटा प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. ६५ ते ८७ वयाच्या ३७ व्यक्तींनी आठ आठवडे घरी टॅब्लेटवर पाहून व्यायाम केला. काहींनी एकेकट्याने, काहींनी पडद्यावरच्या गटात. शरीराची सुधारणा दोन्हींकडे झाली, एकटेपणाही दोन्हींकडे कमी झाला. म्हणजे पडद्यावरचा गट जादूची कांडी नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. एकेकट्याने करणाऱ्यांत जे मुळात धडधाकट होते तेच अधिक नेमाने टिकले. गटात मात्र तसे झाले नाही; दुबळेही तितक्याच नेमाने आले. सदतीस माणसांचा प्रयोग म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, हे मान्य. तरी आपल्या रोजच्या अनुभवाशी हे जुळते. ज्याला व्यायामाची खरी गरज असते तोच एकटा असला की आधी सोडतो. ज्याला सर्वांत कमी गरज तो पहाटे पाचला उठून पर्वती चढून आलेला असतो!

'यूट्यूबवर सगळे फुकट आहे की!'

हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. आहे, सगळे आहे. सूर्यनमस्कारापासून खुर्चीवरच्या योगापर्यंत शेकडो व्हिडिओ आहेत. पण व्हिडिओला आपण दिसत नाही. आजींचा गुडघा आत वळतो आहे, आजोबा श्वास रोखून धरत आहेत, हे तो सांगू शकत नाही. आज आला नाहीत तर विचारतही नाही. पुस्तक घरात आहे म्हणून कोणी शाळा बंद करत नाही, तसेच हे.

दुसरा आक्षेप : 'म्हाताऱ्यांना ते बटण दाबणे जमत नाही.' पहिले आठ दिवस जमत नाही, हे खरे. पण आपण काय करतो? दर वेळी नवे ॲप, नवा दुवा, नवा पासवर्ड. एकच दुवा, एकच वेळ आणि फोनच्या पडद्यावर एकच मोठे चित्र ठेवले, आणि पहिल्या आठवड्यात घरातल्या कॉलेजकुमाराने किंवा शेजारच्या मुलीने शेजारी बसून दाखवले, तर जमते. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी सुप्रभाताची दहा चित्रे पाठवणाऱ्या पिढीला 'तंत्रज्ञान जमत नाही' म्हणणे हे आपल्याच आळसाला घातलेले पांघरूण आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'असे वर्ग सुरू करून तुम्ही मुलांना पळवाट देता. आईवडिलांना भेटायला जायचे सोडून त्यांना पडद्यासमोर उभे करता.' यात तथ्य आहे. पडद्याने भेटीची जागा घेऊ नये, आणि घराजवळ बाग व माणसे असतील तर तीच पहिली. पण वर्षातून एकदा तीस दिवसांची रजा मिळणाऱ्या माणसाने उरलेल्या ३३५ दिवसांचे काय करावे? माझे म्हणणे असे, की मुलानेही त्याच वर्गात उभे राहावे. वडिलांना 'व्यायाम करा' असे फोनवर सांगणे वेगळे आणि त्यांच्याबरोबर एकाच वेळी टाचा उचलणे वेगळे. पहिल्यात हुकूम आहे, दुसऱ्यात सोबत आहे.

पैशाचा हिशेब

हे पान आरोग्याबरोबर अर्थकारणाचेही आहे, तेव्हा रोकड्या गोष्टीकडे वळू.

सौदी कामगार कायद्याप्रमाणे नोकरीच्या शेवटी मिळणारी रक्कम पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी अर्ध्या महिन्याचे वेतन आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी एक महिन्याचे वेतन अशी मोजतात. वीस वर्षे नोकरी झाली तर अडीच अधिक पंधरा, म्हणजे साडेसतरा महिन्यांचे वेतन. या पैशांचे काय करायचे याची आखणी आपण दहा वर्षे आधीपासून करतो. पुण्यात सदनिका, मुलीचे शिक्षण, मुदत ठेव. पण ज्या दिवशी नोकरी संपते त्याच दिवशी मालकाने दिलेला आरोग्यविमाही संपतो, याचा विचार फार थोडे करतात.

साठाव्या वर्षी भारतात परतून नवी पॉलिसी घ्यायची म्हणजे हप्ता मोठा, आणि आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षाकाळ. एप्रिल २०२४ पासून हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला गेला आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींना नवी पॉलिसी घेण्यास आड येणारी वयाची अटही गेली, ही चांगली गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटीही उठला. सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून जाहीर झाले आहे. आईवडिलांचे कार्ड काढले नसेल तर पुढच्या रजेत ते काम आधी उरका. आणि आपली स्वतःची भारतातली पॉलिसी इथली नोकरी चालू असतानाच घेऊन ठेवा, म्हणजे प्रतीक्षाकाळ इथेच सरतो.

पण विमा बिल भरतो, पाय भरून देत नाही. खुबा मोडला तर खाजगी रुग्णालयाचा खर्च लाखांच्या घरात जातोच. शिवाय तातडीचे विमान तिकीट, बिनपगारी रजा, आणि नंतर कित्येक महिने दिवसरात्रीसाठी ठेवलेली मदतनीस बाई. यातले बरेचसे कोणत्याही विम्यात बसत नाही. आणि एकदा पडलेल्या माणसाच्या मनात जी भीती बसते तिची किंमत तर काढताच येत नाही. तो बाहेर जाणे सोडतो, आणि बाहेर जाणे सोडले की आणखी दुबळा होतो.

त्यापुढे वर्गाचा खर्च पाहा. एका सत्राचे शिक्षकाला १,००० रुपये द्यायचे ठरवले आणि महिन्यात १३ सत्रे झाली, तर १३,००० रुपये. पंधरा घरांत वाटले तर घरटी सुमारे ८६७ रुपये. रियालचा भाव २३ रुपये धरला तर महिना ३८ रियालांच्या आसपास. हा माझा ढोबळ अंदाज आहे, शिक्षकाप्रमाणे कमीजास्त होईल. पण शुल्क असावेच. फुकट मिळालेल्या गोष्टीला आपण दांडी मारतो. पैसे भरले की उपस्थित राहतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

व्यवहारात दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. सौदीत परवान्याशिवाय वर्गणी गोळा करणे कायद्यात बसत नाही, आणि इकाम्यावरच्या माणसाने आपल्या मालकाखेरीज इतरत्र पैसे घेऊन काम करणेही चालत नाही. म्हणून शिक्षक भारतातला असावा, आणि प्रत्येक घराने त्याचे शुल्क आपल्या भारतातल्या खात्यातून थेट त्याला द्यावे. मंडळींनी फक्त गाठ घालून द्यावी, पैशाला हात लावू नये.

वर्ग कसा असावा?

वेळ : भारत आणि सौदी यांच्यात अडीच तासांचा फरक, आणि दोन्ही देशांत घड्याळे मागेपुढे करण्याची भानगड नाही. इथले सकाळचे ७ म्हणजे तिकडचे साडेनऊ. तिकडे आंघोळ-पूजा-चहा आटोपलेले असते, इकडे शुक्रवार-शनिवारची सुट्टी. तेव्हा शुक्रवार आणि शनिवार सर्वांनी एकत्र, आणि तिसरा दिवस मंगळवार, वेळ तीच. मंगळवारी नोकरदारांना जमणार नाही. ज्येष्ठ आणि गृहिणी यांनी वर्ग चालवावा, नोकरदारांनी रात्री आपल्या खोलीत तेच व्यायाम उरकावेत. रमजानमध्ये वेळ बदलावी. आपल्यात रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुस्लिम बांधव मोठ्या संख्येने आहेत; त्यांचे आईवडीलही या वर्गात हक्काने आले पाहिजेत. वर्गाला 'योग' म्हणायचे की 'व्यायाम' यावर वाद घालत बसू नये. 'व्यायाम' म्हणावे आणि कामाला लागावे.

संख्या : एका वर्गात बारा ते पंधरा, त्याहून अधिक नाही. शिक्षकाला प्रत्येकाचे पाय दिसले पाहिजेत. शंभर जणांचा वर्ग ही सभा होते.

शिक्षक : शक्यतो फिजिओथेरपिस्ट, किंवा ज्येष्ठांना शिकवण्याचा अनुभव असलेला योगशिक्षक. खुर्ची, भिंत, पट्टा यांचा आधार घेऊन आसने करण्याची पद्धत बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यातच रुजवली. तशी दृष्टी असलेला शिक्षक मिळाला तर सोन्याहून पिवळे. वर्गात कोणी खुर्चीत बसून करील, कोणी उभ्याने. प्रत्येकाला त्याच्या कुवतीचा प्रकार दिला पाहिजे.

हजेरी : हा वर्गाचा आत्मा. सुरुवातीला प्रत्येकाचे नाव घ्यावे, 'काकू, गुडघा कसा आहे?' एवढे तरी विचारावे. दर महिन्याला एक वर्गप्रमुख नेमावा. जो आला नाही त्याला वर्गप्रमुखाने त्याच दिवशी फोन करावा. कोकणात पावसाळ्यात वीज जाते, रेंज जाते. ते कळले म्हणजे झाले. पण कधी तरी त्या फोनमुळेच कळेल की आजी तापाने पडून आहेत. एकट्या राहणाऱ्या माणसाची आठवड्यातून तीन वेळा कोणी तरी वाट पाहते, ही गोष्ट लहान नाही.

गप्पा : चाळीस मिनिटे व्यायाम आणि पंधरा मिनिटे गप्पा. ही पंधरा मिनिटे वाया गेली असे समजू नये. त्या छोट्या प्रयोगातही ज्यांनी गटात अधिक संवाद साधला त्यांचा एकटेपणा अधिक घटल्याचे दिसले होते.

मोजमाप : सुरुवातीला आणि दर तीन महिन्यांनी एक सोपी चाचणी घ्यावी. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसावे, हात छातीवर आडवे धरावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. ६० ते ६४ वयात पुरुषांना १४ आणि स्त्रियांना १२ पेक्षा कमी, ६५ ते ६९ मध्ये १२ आणि ११ पेक्षा कमी, ७० ते ७४ मध्ये १२ आणि १० पेक्षा कमी जमले, तर ताकद सरासरीहून कमी आहे असे अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्राच्या तक्त्यात धरतात. हा आकडा मुलांना कळवावा. पैसे पोचल्याचा निरोप येतो, तसा हाही निरोप यावा.

सावधगिरी

पहिल्या दिवसाआधी प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारावे, विशेषतः हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी पोटी व्यायाम करू नये आणि साखर जवळ ठेवावी. खुर्ची चाकांची नको, हातांची चालेल, पाठ भिंतीला हवी. फरशीवर मोजे घालून उभे राहू नये. छातीत दुखले, धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबावे. एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाचा पत्ता, शेजाऱ्याचा फोन आणि डॉक्टरांचा फोन शिक्षकाजवळ लिहिलेला असावा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, सौदीत रेड क्रिसेंटसाठी ९९७, आणि ज्येष्ठांच्या कोणत्याही अडचणीसाठी भारतात १४५६७, हे क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवावेत.

वर्गाचे चित्रीकरण करू नये, कोणाची छायाचित्रे काढून फिरवू नयेत. सौदीचा २००७ चा सायबर गुन्हे कायदा या बाबतीत कडक आहे, आणि कायदा नसता तरी सभ्यता आहेच. काही भगिनींना वेगळा वर्ग हवा असेल तर तो वेगळा घ्यावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे : इंटरनेटवर आलेल्या ज्येष्ठांच्या मागे भामटे लागतात. 'वर्गाचे नूतनीकरण करा, हा दुवा दाबा, ओटीपी सांगा' असा निरोप आला तर तो वर्गाचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठासून सांगावे. शुल्क कोणाला आणि कसे द्यायचे हे मुलांनी ठरवावे, आईवडिलांच्या फोनवर त्याचा व्यवहारच ठेवू नये. फसवणूक झालीच तर भारतात १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितका उशीर तितके पैसे परत मिळणे अवघड.

इकामा संपतो, वर्ग संपत नाही

शेवटी आपल्या स्वतःच्या भवितव्याविषयी. पंचवीस-तीस वर्षे इथे काढलेला माणूस परत जातो तेव्हा त्याचे गाव बदललेले असते. शाळासोबती पांगलेले, शेजारी नवे. बागेतल्या बाकांवर ज्यांचे कट्टे जमलेले असतात त्यांत आपली जागा नसते. इथे दर शुक्रवारी ज्यांच्याबरोबर पोहे खाल्ले ते मित्र कोणी सांगलीत, कोणी डोंबिवलीत, कोणी अजून जुबैलमध्ये. नोकरी, मान आणि मित्र एकाच महिन्यात सुटतात. परतल्यानंतरची पहिली दोन वर्षे कित्येकांना जड जातात, आणि त्याचे कारण दर वेळी पैसा नसतो.

इथे सुरू केलेला व्यायामवर्ग मात्र माणसाबरोबर जातो. व्हिसा लागत नाही, शुल्क वाढत नाही, विमानतळावर सामानाचे वजन होत नाही. ज्या बारा चेहऱ्यांसमोर रियाधमध्ये टाचा उचलल्या, त्याच चेहऱ्यांसमोर साताऱ्यातल्या घरात उचलता येतात. म्हणूनच हा वर्ग साठीनंतर नव्हे, पन्नाशीतच सुरू करावा असे मी म्हणतो. म्हातारपणी ओळखी नव्याने करणे कठीण असते, जुन्या टिकवणे सोपे.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. पंधरा घरे पुढे यावीत, एक शिक्षक ठरवावा आणि तीन महिने वर्ग चालवून पाहावा. तीन महिन्यांनी खुर्चीच्या चाचणीचे आकडे, नावे न देता, याच पानावर छापावेत. आकडे सुधारले नाहीत तर वर्ग बंद करावा, माझी काही हरकत नाही. सुधारले तर दुसरे पंधरा, मग तिसरे. या शुक्रवारी आईवडिलांना फोन कराल तेव्हा पैसे पोचले का विचाराच. पण त्याआधी त्यांना खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगा, तीस सेकंद मोजा आणि तो आकडा लिहून ठेवा.